वाचकांचे प्रश्न : खाणीपूर्वीची वनस्पती-पाहणी कशी असावी?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील दगडखाणींविषयी आहेत. खाणीच्या धुळीबद्दल आणि आवाजाबद्दल तक्रारी नेहमीच येतात. या पत्रांचा रोख मात्र खाण सुरू होण्याआधी तेथील झाडोऱ्याची जी पायाभूत नोंद केली जाते ती कशी करावी, यावर आहे. त्यामुळे हे सदर या एकाच विषयाला दिले आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमच्या गावाजवळील पठारावर काळ्या दगडाची खाण प्रस्तावित आहे. पर्यावरण अहवालात पठारावर ‘विरळ गवत व काही झुडपे’ एवढेच लिहिले असून पाहणीचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी असा दिला आहे. श्रावण-भाद्रपदात त्याच पठारावर फुले तुडवल्याशिवाय चालता येत नाही. हा अहवाल खोटा समजावा काय?
— जैवविविधता व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, पाटण तालुका

उत्तर : खोटा म्हणता येईलच असे नाही, आणि खरी अडचण तीच आहे. जानेवारीत त्या पठारावर उभे राहणाऱ्या कोणालाही विरळ गवत आणि काही झुडपेच दिसतील. खाणप्रकल्पांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ठरवलेल्या प्रमाणित कार्यकक्षेत, म्हणजे अहवालात काय असावे याच्या नमुन्यात, पावसाळा वगळून कोणत्याही एका हंगामाची प्रत्यक्ष माहिती मागितलेली असते : मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा, पाणी, आवाज आणि माती यांच्याच पंगतीला तेथे वनस्पती आणि प्राणी यांनाही बसवले आहे. हवेतील धुळीच्या दृष्टीने ही अट योग्यच आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडे आहेत त्यापेक्षा सौम्य दिसतात. परंतु सह्याद्रीच्या पठारांवरील वनस्पतींना हीच अट लावली, की ज्या चार महिन्यांत त्या जमिनीच्या वर असतात नेमके तेच महिने पाहणीतून गळतात.

या पठारांवर मातीचा थर वीतभरही नसतो आणि पाणी पावसाळा संपताच ओसरते. त्यामुळे येथील बहुतेक वनस्पती एक तर वर्षायू आहेत, म्हणजे जूनमध्ये उगवून ऑक्टोबरपर्यंत बी टाकून मरणाऱ्या, किंवा कंदाच्या रूपाने आठ महिने जमिनीखाली काढणाऱ्या आहेत. गेंद, सीतेची आसवे, तेरडा, सोनकी या पहिल्या गटातल्या. चवर, कंदीलपुष्पे आणि पठारावरच्या डबक्यांत उगवणारा वायतुरा या दुसऱ्या गटातल्या. वायतुऱ्याचे शास्त्रीय नावच अपोनोजेटॉन सातारेन्सिस आहे. साताऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती साताऱ्याच्या खाण-अहवालात केवळ तारखेमुळे न सापडावी, हे मला शोभादायक वाटत नाही. पश्चिम घाटातील काही क्षेत्रे 2012 साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली आणि त्यांत असलेल्या कासकडे सर्वांचे लक्ष गेले. पण चाळकेवाडी किंवा सडावाघापूरच्या बाजूच्या पठारांवर, आणि आपल्या गावाजवळील ज्या पठाराला कदाचित नकाशावर नावही नसेल त्यावरही, याच जातकुळीची वनस्पती असू शकते.

आपण हरकत घेताना एक मुद्दा ध्यानात ठेवावा. एका बिगर-पावसाळी हंगामाची अट ही किमान अट आहे. पावसाळ्यात पाहणी करण्यास ती मनाई करीत नाही. म्हणून समितीने लेखी मागणी करावी, की याच पठारावर जूनअखेर ते जुलै, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा अशा तीन वेळा वनस्पतींची नोंद व्हावी. पहिल्या भेटीत कंदवर्गीय वनस्पती, दुसऱ्या भेटीत बहुसंख्य फुलोरा आणि तिसऱ्या भेटीत फुलावर व बियांवर आलेली गवते सापडतात. गवताची ओळख तुऱ्यावाचून पटवणे तज्ज्ञालाही जड जाते. तीन भेटी कोणत्याही कारणाने शक्य नसतील, तर पाटण, जावळी, महाबळेश्वर या बाजूला सप्टेंबरचा पूर्वार्ध निवडावा. हाच सल्ला मात्र माण किंवा जत तालुक्याला देता येणार नाही. तेथे परतीच्या पावसावर माळ हिरवा होतो, म्हणून सप्टेंबरच्या अखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ बरा. तोही गवताची कापणी होण्याआधी, कारण कापलेल्या माळावर चौकटी (मोजणीसाठी आखलेले ठरावीक आकाराचे जमिनीचे तुकडे) मांडून हाती खुंटच लागतात.

दुसरी गोष्ट अंतरांची. अहवालात खाणपट्टा हा गाभा आणि त्याभोवती 10 किलोमीटर हा बाह्य परिसर धरलेला असतो. 10 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे 314 चौरस किलोमीटर. पाटण तालुक्यात एवढ्या वर्तुळात कोयनेकाठची शेती, भातखाचरे, देवराया आणि दाट जंगलही येईल. या साऱ्यांची मिळून शंभर-दोनशे नावांची यादी जोडली की अहवाल भरगच्च दिसतो, पण प्रत्यक्ष खोदल्या जाणाऱ्या चार-पाच हेक्टरांत काय होते याचे उत्तर त्या यादीत नसते. आपण केवळ खाणपट्ट्याची चौकटवार नोंद मागावी : प्रत्येक चौकटीचे अक्षांश-रेखांश, पाहणीची तारीख, आत आढळलेल्या जाती आणि त्यांचे आच्छादन, म्हणजे त्यांनी जमिनीचा किती टक्के भाग झाकला आहे. ती मिळाली नाही, तर पाहणी झाली की नाही हाच प्रश्न उरतो.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. प्रबंधासाठी एका प्रस्तावित खाणपट्ट्याची पाहणी करणार आहे. चौकट केवढी घ्यावी आणि किती चौकटी पुरतील? कोणी 10 सांगते, कोणी 30, कोणी एकूण क्षेत्राच्या एक टक्का म्हणते.
— कराड

उत्तर : एक टक्क्याचा नियम विसरून जा. 5 हेक्टर म्हणजे 50,000 चौरस मीटर. त्यात एक चौरस मीटरच्या 30 चौकटी घातल्या तर आपण 0.06 टक्के जमीन पाहिली, आणि तरीही ती पाहणी उत्तम असू शकते. उलट एक टक्का म्हणजे 500 चौकटी रस्त्याच्या कडेने मांडल्या, तर त्यांचा उपयोग शून्य. चौकटींची संख्या क्षेत्रावरून ठरत नाही. एका चौकटीपासून दुसरी चौकट किती वेगळी निघते, यावरून ठरते.

म्हणून प्रथम दहाएक चौकटींची चाचणी-पाहणी करावी. समजा, तीत गवताचे सरासरी आच्छादन 40 टक्के आणि प्रमाण विचलन, म्हणजे चौकटींचे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप, 20 आले. आपल्याला सरासरी 10 टक्क्यांच्या आत-बाहेर, 95 टक्के खात्रीने सांगायची असेल, तर 2 गुणिले 20 भागिले 10, आणि त्याचा वर्ग, म्हणजे साधारण 16 चौकटी लागतात. तीच सरासरी 5 टक्क्यांच्या आत-बाहेर हवी असेल, तर 64 लागतात. अचूकता दुप्पट करायची तर श्रम चौपट होतात, आणि पावसाळ्यात पठारावर पाठीवर इरले घेऊन काम करताना हा चौपट फार जाणवतो. मात्र त्यातून पळवाट आहे, आणि ती अगदी न्याय्य आहे : आधी जमिनीचे स्तर, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या जागांचे गट, पाडावेत. पठारावर उघडा कातळ, उथळ मातीचा भाग, खोल मातीचा भाग, पावसाळी डबकी आणि धोंड्यांच्या फटी, एवढे तरी वेगळे स्तर नजरेला सहज दिसतात. हे स्तर वेगळे केल्यावर प्रत्येकाच्या आतले विचलन समजा 12 पर्यंत उतरले, तर 5 टक्क्यांच्या अचूकतेसाठी सर्व स्तर मिळून 24 चौकटी पुरतात. 64 आणि 24 यांतील अंतर म्हणजे दोन तास पठारावर हिंडून कागदावर स्तरांचा कच्चा नकाशा काढण्याची मजुरी समजा. चौकटींची वाटणी स्तराच्या क्षेत्राप्रमाणे करावी, पण डबक्यांसारख्या छोट्या स्तराला क्षेत्रापेक्षा जास्त वाटा द्यावा. तेथेच दुर्मीळ जाती असण्याची शक्यता अधिक. शेवटी सरासरी काढताना मात्र प्रत्येक स्तराला त्याच्या खऱ्या क्षेत्राचा भार द्यायला विसरू नये.

आकाराबाबत प्रघात असा : वृक्षांसाठी 10 × 10 किंवा 20 × 20 मीटर, झुडपांसाठी 5 × 5 मीटर, गवत व इतर लहान वनस्पतींसाठी 1 × 1 मीटर, आणि लहान चौकट मोठीच्या आत बसवलेली. हा प्रघात जंगलातून आलेला आहे. उघड्या पठारावर 20 मीटरची चौकट मांडली तर तिच्यात तीन-चार स्तर एकदम येतात आणि सगळ्यांचा काला होतो. चौकट मोजायच्या वनस्पतीपेक्षा मोठी आणि ज्या ठिगळात ती वाढते त्यापेक्षा लहान असावी, एवढे तत्त्व धरून चालावे. धोंड्यांच्या फटींसाठी डॉबनमायर यांनी 1959 साली सुचवलेली 20 × 50 सेंटिमीटरची आयताकृती चौकट सोयीची पडते. डबके लहान असेल तर संपूर्ण डबकेच एक नमुना मानावे : पट्ट्यातील सर्व डबक्यांना क्रमांक द्यावेत, चिठ्ठ्या टाकून काही निवडावीत आणि ती पूर्ण पाहावीत.

गवताची रोपे मोजत बसू नका. एक ठोंब कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे कुसळीच्या माळावर कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. तेथे घनतेऐवजी आच्छादनच मोजावे. पीव्हीसी नळीची एक मीटरची चौकट करून दोऱ्यांनी तिचे 100 घर पाडले, की प्रत्येक घर एक टक्का होते आणि अंदाजाला आधार मिळतो. त्याहून कमी मतभेदाची पद्धत म्हणजे 50 मीटरचा टेप ताणून दर 50 सेंटिमीटरला एक सळई सरळ खाली टेकवणे आणि ती ज्या वनस्पतीला, दगडाला किंवा मातीला लागेल त्याची नोंद करणे : शंभर टोचे, आणि मोजणी थेट टक्क्यांत. या पद्धतीत दोन माणसांचे आकडे फारसे वेगळे येत नाहीत. तिचा दोष असा की विरळ जाती सळईला क्वचितच लागतात.

विरळ जातींबाबत एक हिशेब प्रबंधात जरूर द्या, कारण तो फार थोडे लोक देतात. 30 चौकटींत एखादी वनस्पती एकदाही सापडली नाही, तर 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते, की ती 3 भागिले 30, म्हणजे सुमारे 10 टक्क्यांहून अधिक चौकटींत नसावी. 5 हेक्टरच्या पट्ट्यात दहा टक्के म्हणजे 5,000 चौरस मीटर होतात. तेव्हा ‘आढळली नाही’ या शब्दांचा अर्थ ‘नाही’ असा घेऊ नये. कंदीलपुष्पासारख्या जातींसाठी चौकटींखेरीज वेगळी शोधफेरी हवी : दोघांनी ठरलेला वेळ, ठरलेल्या स्तरात, जीपीएसवर वाट नोंदवत चालायचे आणि दिसेल ते रोप टिपायचे. या फेरीतील नावे जातींच्या यादीत घ्यावीत. सरासरीत मिसळू नयेत.

प्रश्न : आमच्या बाजूला माळावर ठिकठिकाणी जलसंधारणाचे समतल चर खोदले आहेत. पाहणीची ठिकाणे चिठ्ठ्या टाकून ठरवतात असे ऐकले, तेव्हा आश्चर्य वाटले. जाणकार माणसाने माळ पाहून प्रातिनिधिक जागा निवडणे अधिक शहाणपणाचे नाही काय?
— एक निवृत्त शिक्षक, जत तालुका

उत्तर : गुरुजी, जाणकार माणसाचे ज्ञान वाया घालवावे असे कोणीच म्हणत नाही, ते स्तर पाडताना वापरावे आणि स्तराच्या आत चिठ्ठीला वाव द्यावा. कारण जाणकाराची नजरही ओढाळ असते. वनस्पतितज्ज्ञ नकळत फुललेल्या जागी थांबतो, खाणमालकाने नेमलेला माणूस उजाड जागी थांबतो, आणि दोघेही प्रामाणिक असले तरी उन्हात दोघांचेही पाय गाडीपासून फार दूर जात नाहीत. रस्त्यालगत तर गाजर गवत आणि घाणेरीचेच राज्य असते. चिठ्ठीने जागा निवडली, की निवडणाऱ्याचा कल बाजूला पडतो आणि सरासरीत किती चूक असू शकते हेही सांगता येते. नजरेने निवडलेल्या जागांवरून तो हिशेब करण्याला काही आधार राहत नाही.

व्यवहारात नकाशावर जाळी आखून, चौकोनांना क्रमांक देऊन, त्यांतून क्रमांक काढले की झाले. मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. तेवढ्या अंतरात चौकट हव्या त्या झुडपावर सरकवण्याचा मोह होतो, म्हणून बिंदूवर पोहोचल्यावर आधीच काढलेल्या दिशेने आधीच काढलेली पावले चालून तेथे चौकट टाकावी. चौकट उघड्या दगडावर पडली आणि आत काहीच नसले तर शून्य लिहावे; जागा बदलू नये. माळाचा जेवढा भाग खरोखर उघडा आहे तो या शून्यांतूनच कळतो. बिंदू विहिरीत, घरावर किंवा चालू शेतात पडला तर काय करायचे, हे मात्र घरून निघतानाच लिहून ठेवावे.

आपल्या चरांचा प्रश्न चांगला आहे आणि पुस्तकात सहसा नसतो. बरेच जण चिठ्ठ्यांऐवजी समान अंतरावर चौकटी टाकतात. पहिला बिंदू चिठ्ठीने काढला तर ही पद्धतही मान्य आहे, आणि ती सोपीही आहे. परंतु चर स्वतःच समान अंतरावर असतात. चौकटींचे अंतर चरांच्या अंतराशी जुळले तर सगळ्या चौकटी चरात पडतील, जेथे पाणी थांबते आणि गवत गुडघाभर येते. किंवा सगळ्या दोन चरांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यावर पडतील. दोन्ही आकडे मोजणीपुरते बरोबर आणि माळापुरते चूक. म्हणून चर असलेल्या जमिनीवर रेषा चरांना छेदून, तिरक्या, उताराच्या दिशेने घ्याव्यात आणि चौकटींचे अंतर चरांच्या अंतराच्या पटीत ठेवू नये. चर आणि चरांमधली जागा हे दोन वेगळे स्तर धरले तर त्याहून उत्तम.

मेंढपाळांना बरोबर घेण्याची सूचना आपण पत्राच्या शेवटी केली आहे, ती मला पटते. कोणत्या ओघळीच्या काठी शिंदळ माकुडी मिळते हे त्यांना ठाऊक असते. ती माहिती शोधफेरीसाठी वापरावी, चौकटींसाठी नव्हे.

प्रश्न : मी खाणपट्टाधारक आहे. माझ्या पट्ट्यातील झाडे-गवत मोजणे मान्य आहे. पण सल्लागार म्हणतात की पट्ट्याबाहेरच्या, ज्या जमिनीशी माझा संबंध नाही अशा माळावरही पाहणी करावी. तो खर्च मी का सोसावा?
— खटाव तालुका

उत्तर : तुमच्याच संरक्षणासाठी. खटाव-माणचा पाऊस किती लहरी आहे हे तुम्हाला सांगायला नको. आधीची पाहणी चांगल्या पावसाच्या वर्षी झाली आणि नंतरची पाहणी 2012-13 सारख्या दुष्काळी वर्षी झाली, तर गवत निम्मे झालेले दिसेल आणि तो दोष थेट खाणीवर येईल. समजा, खाणीच्या कडेचे आच्छादन 60 टक्क्यांवरून 35 वर आले. ही घट 25 ची. पण दूरच्या, खाण नसलेल्या तशाच माळावर ते 58 वरून 40 वर आले असेल, तर त्यातील 18 ची घट पावसाची धरावी लागते आणि खाणीकडे 7 उरतात. तुलनास्थळ नसेल तर हा 25 चा आकडा खोडून काढायला तुमच्याजवळ काहीही नसते. अर्थात हे दुधारी आहे : चांगल्या वर्षी तेच तुलनास्थळ तुमच्या खाणीने केलेले, पण पावसाने झाकलेले नुकसान उघडेही करील.

तुलनास्थळ एकच घेऊ नये, दोन-तीन असावीत. खडक तोच, उताराची दिशा तीच आणि चराईही साधारण तेवढीच असावी. चराईचा मुद्दा सहसा सुटतो. पट्ट्याला तारेचे कुंपण घातले की गुरे थांबतात आणि कुंपणाच्या आत न खोदलेल्या भागात काही वर्षे गवत उलट वाढते. त्यामुळे खाणीने वनस्पती सुधारली असा विनोदी निष्कर्षही निघू शकतो. कुंपण कधी घातले याची तारीख नोंदवहीत हवी.

धुळीचा परिणाम पाहायचा असेल तर पट्ट्याच्या कडेपासून 25, 50, 100, 200 आणि 400 मीटर अशा वाढत्या अंतरावर नोंदी घ्याव्यात. या रेषा एकाच बाजूला काढू नयेत : धूळ उडते ती कोरड्या महिन्यांत, आणि हिवाळ्यातला वारा पूर्वेकडून-ईशान्येकडून असतो, तर उन्हाळ्यात पश्चिमेकडून. क्रशर आणि डंपरचा रस्ता यांच्यासाठी वेगळ्या रेषा हव्यात, कारण कित्येकदा खड्ड्यापेक्षा रस्त्याची धूळ जास्त असते. आणखी एक, सल्लागारांनी एकाच रेषेवर दहा चौकटी घेऊन ‘दहा नमुने’ असे लिहिले तर ते मान्य करू नका. खाणीच्या परिणामाबाबत ती एक रेषा म्हणजे एकच नमुना आहे. अशा तीन-चार रेषा तरी असाव्यात.

खड्ड्यातील चौकटी जाणारच, पण बाहेरच्या चौकटी कायमच्या आहेत. त्यांना उभ्या सळया ठोकल्या तर त्या भंगारात जातात. दोन कोपऱ्यांत जमिनीला सपाट होईल असा खिळा गाडावा, जवळच्या पक्क्या खडकापासून अंतर आणि दिशा लिहावी, आणि ठरावीक कोपऱ्यातून छायाचित्र घ्यावे.

प्रश्न : अहवालांत महत्त्व-मूल्य निर्देशांक आणि शॅनन निर्देशांक यांची कोष्टके असतात. त्यांवरून जागा चांगली की वाईट हे ठरवता येते का?
— सांगली

उत्तर : नाही. महत्त्व-मूल्य निर्देशांकात सापेक्ष घनता, सापेक्ष वारंवारता आणि सापेक्ष प्रभाव यांची बेरीज असते आणि सर्व जातींची मिळून ती नेहमी 300 होते. तेव्हा एका जातीचे मूल्य वाढले की ती खरोखर वाढली की दुसरी घटली हे त्यातून समजत नाही. वृक्षांसाठी तो ठीक आहे, गवतासाठी जवळपास निरर्थक. शॅनन निर्देशांक, म्हणजे जातींच्या विविधतेचा आकडा, चौकटींच्या संख्येबरोबर बदलतो, शिवाय त्याला नावाशी देणेघेणे नाही : चांगल्या माळात घाणेरी आणि गाजर गवत घुसले की तो वाढतोसुद्धा. मूळ चौकटवार तक्ता मागावा. निर्देशांक त्यावरून कोणालाही काढता येतात.

प्रश्न : आमच्याकडे डोंगरउतारावर झाडी आहे. उतारावर 10 मीटरची चौकट कशी मोजावी, आणि टेप न ताणता झाडांची घनता काढण्याची पद्धत आहे का?
— शिराळा तालुका

उत्तर : चौकटीची बाजू नेहमी आडव्या अंतराने मोजतात. 30 अंशांच्या उतारावर आडवे 10 मीटर मिळवायचे तर उताराला लागून 11.55 मीटर टेप सोडावा लागतो. तसे न केल्यास उतारावरची झाडी असते त्याहून विरळ दिसते. घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, चढाच्या बाजूने उभे राहून घ्यावा. 100 सेंटिमीटर घेराच्या झाडाचे खोडाचे क्षेत्रफळ घेराचा वर्ग भागिले 4π (पाय), म्हणजे सुमारे 796 चौरस सेंटिमीटर येते. तोडीनंतर एकाच खुंटातून फुटलेली खोडे स्वतंत्र मोजून एकाच झाडाच्या नावावर लिहावीत.

चौकट न आखता काम करायचे तर कॉटम आणि कर्टिस यांनी 1956 साली विशद केलेली चतुर्थांश पद्धत आहे : बिंदूभोवतीच्या चार चतुर्थांशांत प्रत्येकी सर्वांत जवळचे झाड पाहायचे आणि अंतर मोजायचे. सर्व अंतरांची सरासरी 5 मीटर आली, तर प्रत्येक झाडाला 25 चौरस मीटर, म्हणजे हेक्टरी 400 झाडे. झाडे विखुरलेली असतील तेथे ही पद्धत वेळ वाचवते. करवंदीच्या जाळ्या, बांधावरची रांग किंवा ओढ्याकाठची झुंबड असेल तेथे ती घनता कमी दाखवते, म्हणून तेथे चौकटीच घ्याव्यात.

देवराई असेल तर ती नमुन्याच्या भरवशावर सोडू नये. पाव-अर्धा हेक्टर देवराईवर चिठ्ठीचा बिंदू न पडण्याची शक्यताच मोठी. तेथील प्रत्येक झाड मोजावे आणि ती नोंद वेगळी ठेवावी.

प्रश्न : आमच्या हातात फक्त मे महिना आहे, सुनावणी पावसाळ्यापूर्वी आहे. काहीच करता येणार नाही का?
— जावळी तालुका

उत्तर : थोडेसे करता येईल. स्तरांचा नकाशा मेमध्येच उत्तम होतो, कारण कातळ, माती आणि डबक्यांच्या कोरड्या तळाच्या कडा स्पष्ट दिसतात. प्रत्येक स्तरातून चिठ्ठीने काढलेल्या जागांवरची वरची पाच सेंटिमीटर माती वेगवेगळी गोळा करावी, उथळ ट्रेमध्ये पसरावी, सावलीत रोज पाणी द्यावे आणि उगवणारे प्रत्येक रोप ओळखून नोंदवावे. या ट्रेंसोबत नुसत्या निर्जंतुक वाळूचा एक ट्रे ठेवला, तर आजूबाजूने उडत आलेल्या बियांची रोपे वेगळी काढता येतात. वर्षायू वनस्पतींचा बराच अंदाज अशा रीतीने येतो. खोलवरचे कंद यात येत नाहीत आणि काही बिया पहिल्या पाण्याला उगवतही नाहीत, हे अर्जात स्पष्ट लिहावे. वन विभागाच्या जमिनीवरून माती किंवा रोप उचलण्याआधी परवानगी घ्यावी. सुनावणीत हा नकाशा आणि उगवलेल्या रोपांची यादी जोडून, सप्टेंबरमधील पाहणी पूर्ण होईपर्यंत वनस्पतींवरील प्रकरण अपूर्ण मानावे, अशी मागणी इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.